पाण्यामागचं गाव

छोटेलालचा फोन सकाळीच आला, फोटो छापून तयार आहेत म्हणून. मी गॅसवरची भाजी उतरवली, शाल गुंडाळली आणि स्कूटी काढली. जानेवारीचे दिवस होते. आमचं घर गोरेगावच्या बाहेर, शेवटची वस्ती संपली की धानाच्या बांध्या लागतात तिथं आहे. धान कापून झालेलं, बांध्यांत नुसते खुंट उरलेले, आणि त्यांच्यावर धुकं असं बसलेलं की रस्ता कुठं संपतो आणि शेत कुठं सुरू होतं ते कळू नये. काम एवढंच होतं. फोटो आणायचे, संध्याकाळपर्यंत त्यांची चिकटवही करायची आणि नणंदेच्या बॅगेत टाकायची.

नणंद म्हणजे नूतन. तिच्या नवऱ्याला, हिमांशूला, मस्कतला नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरहून विमानानं जाणार होते. जाण्याआधी सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं म्हणून आम्ही रविवारी धरणावर सहलीला गेलो होतो. नूतन, हिमांशू, माझे मिस्टर देवेंद्र, आमची मुलगी रिंकू, मी आणि माझे सासरे.

सासऱ्यांचं नाव दुधराम. मी त्यांना मामाजी म्हणते. सासूबाई गेल्यापासून ते फार कमी बोलायचे, पण घरात त्यांचा आधार होता. मी अंगणवाडीतून दमून आले की न सांगता चहा ठेवायचे. त्यांचं मूळ गाव, आवळटोला, त्याच धरणाच्या पाण्यात गेलं होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. धरण आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, पण इतक्या वर्षांत ते तिकडं एकदाही फिरकले नव्हते. या वेळी मात्र नूतन हटून बसली, "बाबा, तुम्ही नाही आले तर मीही नाही जात." तेव्हा ते गाडीत जाऊन बसले.

तिथं काठावर एक मोठा काळा खडक आहे. मामाजी त्यावर पाण्याकडं पाठ करून बसले ते निघेपर्यंत तसेच. जेवतानाही फिरले नाहीत. हात धुवायला बाटलीतलं पाणी घेतलं. हिमांशूनं गाडीच्या बॉनेटवर मोबाईल टेकवून ठेवला होता. त्यामुळं सगळे फोटो एकाच जागेवरून निघाले: पुढं खडकावर आम्ही, मागं काठोकाठ भरलेलं धरण.

"वहिनी, मोबाईलमधले फोटो कोनी पाहत नाही," नूतन मला म्हणाली होती. "मले हाती धरता येईल असं कायतरी करून दे नं."

आता अंगणवाडीवालीला रंगीत कागद, कात्री आणि डिंक काही नवे नाहीत. झटपट चिकटवहीची माझी एक पद्धत आहे. आधी जाड कार्डशीट कापून घ्यायचे. सगळे फोटो ओळीनं मांडून कुठला कुठं बसतो ते ठरवायचं. प्रत्येकाच्या मागं थोडा मोठा घोटीव कागद लावायचा, म्हणजे किनार आपोआप तयार होते. मग एकामागून एक चिकटवत जायचं, मधे उठायचं नाही. दुपारभरात वही तयार.

दुपारी घर रिकामं झालं. नूतन आणि हिमांशू रिंकूला घेऊन गोंदियाला गेले, चिन्नोर तांदूळ आणि बाकीची खरेदी करायला. देवेंद्र तिरोड्याला ड्युटीवर होते. मामाजी मागच्या अंगणात तणसाच्या ढिगाला टेकून, जे काय ऊन पडलं होतं ते अंगावर घेत बसले होते. लाइन गेलेली. मी पुढच्या खोलीत दाराजवळ सतरंजी अंथरली आणि फोटो मांडले.

पहिलं पान सुरेख झालं. मामाजी खडकावर बसलेले, बाकी सगळे उभे, रिंकूनं दोन बोटं वर केलेली, मागं पाणी. मी पिवळी किनार लावली, मधून बाहेरच्या बाजूला कापड फिरवून फोटो दाबला आणि पान बाजूला वाळत ठेवलं.

दुसऱ्या फोटोत आम्ही जेवत होतो. मध्ये पुऱ्या, वांग्याच्या भाजीचा डबा. तो चिकटवून मी कापड फिरवलं आणि सहज पहिल्या पानाशेजारी ठेवला. काहीतरी वेगळं वाटलं. पहिल्यात पाणी खडकाच्या बुडाला लागलेलं होतं. दुसऱ्यात खडक आणि पाणी यांच्यात चिखलाचा एक रुंद पट्टा होता.

आपण त्या दिवशी चिखल पाहिला होता का? मला आठवेना. असेल, म्हटलं. जेवताना कोण पाण्याकडं बघतं?

तिसरा फोटो चिकटवला, आणि हात तिथंच थांबला.

आमच्या पाठीमागं पाण्यातून झाडाचे शेंडे वर आले होते. वाळके, काळे, ओले. एका शेंड्यावर शेवाळ लोंबत होतं. त्याच्या पुढं आम्ही हसत बसलो होतो. हिमांशूच्या हातात चिप्सचं पाकीट होतं.

मी मोबाईल काढला. तोच फोटो उघडला. तेच पाकीट, तेच हसू, आणि मागं काठोकाठ निळं पाणी. शेंडा नाही, चिखल नाही.

छापण्यात गडबड झाली असेल म्हणून मी छोटेलालला फोन लावला.

"भाभीजी, आपने जो भेजा वही निकाला," तो म्हणाला. "पानी-वानी हम क्या कम करेंगे?"

त्याच्या दुकानात गाणं वाजत होतं, मागं कुणीतरी झेरॉक्सचा भाव विचारत होतं. ते ऐकून जरा बरं वाटलं. फोन ठेवला आणि लगेच खोली फार शांत वाटायला लागली.

तेव्हा वास आला.

उन्हाळ्यात तलाव आटतो, लोक गाळात उतरून मासे पकडतात, तेव्हा येतो तो वास. जुन्या गाळाचा, शिंपल्यांचा, कुजल्या लाकडाचा. पण त्यात आणखी काहीतरी होतं. चुलीचा धूर... आणि गोठा. मी पहिल्या पानाला बोट लावलं. कधीचं वाळायला हवं होतं ते. कार्डशीट ओलं होऊन कडेनं वर वळलं होतं.

उठून बाहेर जावं असं मनात आलं. पण मधेच उठायचं नाही, ही माझीच सवय, का दुसरंच काही, कोण जाणे. मी चौथा फोटो उचलला. चिकटवला नाही, नुसता उजेडाकडं धरला.

पाणी नव्हतंच.

धरणाच्या जागी एक गाव होतं. कौलारू आणि गवती घरं, मधून गाडीवाट, वाटेच्या वळणावर मोठी चिंच. छपरांतून धूर निघत होता. गावावर स्वच्छ, पिवळं ऊन होतं, आणि आमच्यावर मात्र जानेवारीचा फिका उजेड, एकाच फोटोत. दारांत, वाटेवर, चिंचेखाली माणसं उभी होती. बाया होत्या, कडेवर लेकरं घेतलेल्या. खांद्यावर काठी टाकलेला एक म्हातारा होता. त्यांतलं कुणीच कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं. सगळे एकाच गोष्टीकडं बघत होते... खडकावर बसलेल्या मामाजींच्या पाठीकडं.

मला ओरडता आलं नाही. खरं सांगायचं तर ओरडावंसं वाटलंच नाही. देवळाच्या गाभाऱ्यात एकदम आत गेल्यावर जीव जसा गप्प होतो, तसं काहीतरी झालं. एवढी माणसं, इतकी शांत, आणि इतकी वर्षं...

"संध्या."

मामाजी मागच्या दारात उभे होते. डोळे मिटून नाकानं वास घेत होते.

"हा वास कोठून येऊन राहिला वो?"

ते भिंतीला धरत धरत आले आणि सतरंजीवर माझ्यासमोर बसले. मी फोटो लपवायला हवा होता. लपवला नाही. त्यांच्या हातात दिला.

किती वेळ ते बघत होते कुणास ठाऊक. मग त्यांचं बोट फोटोवरून हळूहळू सरकायला लागलं, अंधारात ओळखीच्या घरातून चालावं तसं.

"हे काकाचं घर, उदाराम काकाचं. हा कोटा, यात बैल बांधत होते. ही चिंच... हिच्यावरून मी पडलो होतो." त्यांनी उजवं कोपर चाचपलं. "हा धनवंता. हा तर लगनातच मेला, पानी यायच्या आधी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "तुले दिसते का हे? का मलेच दिसून राहिलं?"

"दिसतं, मामाजी. सगळं दिसतं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बरं झालं," ते म्हणाले. "मले वाटलं मीच येडा झालो."

बोट सरकत गावाच्या शेवटी गेलं आणि थांबलं. तिथं एक लहानसं गवती घर होतं. दाराच्या उंबऱ्यावर एक मुलगी बसली होती, तेरा-चौदा वर्षांची, परकर खोचलेली. तिच्या पुढ्यात कोंबड्या झाकायची बांबूची डाली पालथी घातलेली होती आणि तिचा एक हात डालीवर होता. सगळं गाव मामाजींकडं बघत होतं, ती मात्र बघत नव्हती. तिची मान खाली होती. ती डालीच्या फटीतून आत बघत होती.

"रुख्मा," मामाजी म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही.

आई लहानपणीच गेली. मोठ्या बहिणीनंच त्यांना वाढवलं. ती रुख्मा. गाव उठलं तेव्हा सगळी घरं बैलगाड्यांवर सामान लादून निघाली. टेकडीवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, खुडूक कोंबडी अंड्यांवर तशीच बसलेली राहिली. दिवस मावळायला अजून अवकाश होता. "आत्ता आली," असं म्हणून ती खाली उतरली. वरच्या डोंगरात पाऊस पडून राहिला होता ते इकडं कुणाला माहीत नव्हतं. पाणी आलं ते आवाज न करता आलं. सकाळी टेकडीखाली नुसतं सपाट पाणी होतं.

"मी हाक मारनार होतो," मामाजी म्हणाले. "उदाराम काकानं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हने, पान्यात गेलेल्याले हाक मारू नये. ओ आली तर ती मानसाची नसते. मंग मी नाहीच मारली. कधीच नाही मारली."

"म्हणून तुम्ही पाण्याकडं..."

"तोंड केलं असतं तर हाक निघाली असती, वो बाई."

शेवटचा फोटो सतरंजीवर उरला होता. निघण्याआधी काढलेला, सगळ्यांचा. तो पालथा पडला होता. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत होतो. मीच उलटला.

आम्ही खडकावर होतो. देवेंद्र, नूतन, हिमांशू, रिंकू, मी. मामाजींची जागा रिकामी होती.

ते मागं होते. आमच्यापासून बरेच दूर, गावाच्या वाटेवर, पाठमोरे. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, एक पाय उचललेला. वाटेच्या दोन्ही बाजूंनी माणसं सरकून त्यांना जागा देत होती. आणि शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर रुख्मा तशीच, मान खाली घालून.

मी मामाजींचं मनगट धरलं. बर्फासारखं गार होतं. खाली नजर गेली. धोतराचा काठ घोट्याच्या वरपर्यंत ओला झाला होता. सतरंजीवर, ते बसले होते तिथं, गढूळ पाण्याचा डाग हळूहळू पसरत होता.

"चिकटव," ते म्हणाले.

"नाही मामाजी."

"चिकटव वो बाई."

"तुम्ही जाल... रिंकूला काय सांगू मी? यांना काय सांगू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं.

"मी जाऊन नाही राहिलो," ते म्हणाले. "मले एक हाक मारू दे. लहान होती ती. सगळे पोचले, आन् तिले कोनी हाकसुद्धा नाही मारली. तिले काय वाटलं असन?"

बाहेर एखादं पाखरूही ओरडत नव्हतं. वास आता इतका दाट झाला होता की तोंडात चव यावी. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्या पोरीच्या खाली घातलेल्या मानेकडं बघून भीतीच्याही वर काहीतरी दाटून येत होतं. ती वाट बघत नव्हती. आपल्याला कुणी बोलावेल असं तिला वाटतच नव्हतं.

"माझा हात सोडायचा नाही," मी म्हटलं.

"नाही सोडत."

मी डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. उजव्या हातानं फोटोला डिंक लावला, शेवटच्या पानावर ठेवला आणि तळव्यानं दाबला. कागदाखाली काहीतरी थंड, मऊ, खोल लागलं. पाण्यावर हात ठेवल्यासारखं.

मामाजींनी श्वास घेतला. हाक मोठी नव्हती. संध्याकाळी जेवायला बोलावतात तशी.

"बाई... वो रुख्माबाई..."

काहीच झालं नाही. मग त्यांचं मनगट माझ्या हातात ताणलं गेलं. पुढच्या बाजूला, पानाच्या दिशेनं. माणूस ओढतो तसं नव्हतं ते. नदीत उभं राहिल्यावर धार ओढते, तसं सगळीकडून. मी गुडघे रोवले. दुसरा हातही लावला. पानावरचा हात निघाला तेव्हा तळवा ओला होता. मामाजींना कसलंच भान नव्हतं. ते कान देऊन बसले होते.

आणि ओ आली.

कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही. पानातून म्हणावं तर घराच्या मागूनही आली, पायाखालूनही आली. पोरीचा आवाज होता, थोडा वैतागलेला, हातातलं काम टाकून यावं लागतं तेव्हा असतो तसा.

"येऊन राहिली नं गा, दुध्या! कायले एवढा बोंबलतं?"

मामाजी हसले. तोंडावर हात ठेवून, लहान पोरासारखे खुदकन हसले. आणि त्याच क्षणी मनगटाचा ताण सुटला. आम्ही दोघं मागं कोलमडलो.

मी पानाकडं बघितलं. रुख्माची मान वर झाली होती. तिचा चेहरा मी बघितला. रुंद कपाळ, थोडे पुढं आलेले दात, अगदी आमच्या रिंकूसारखे. डोळे असे उजळलेले की त्यांच्याकडं बघवत नव्हतं, आणि नजरही हलत नव्हती. माझे हात आपोआप जोडले गेले. मी कुणाला नमस्कार करत होते, मला ठाऊक नाही.

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी वळून दाराकडं बघितलं, एकदाच. पुन्हा पानाकडं बघितलं तेव्हा तिथं निळं पाणी होतं, काठोकाठ. खडकावर आम्ही सगळे होतो आणि मामाजी आपल्या जागेवर बसले होते. मी एकेक पान उचलून बघितलं. सगळीकडं पाणी. कागद कोरडे खडखडीत. वास गेला होता. फक्त सतरंजीवरचा डाग तसाच होता आणि मामाजींचं धोतर ओलं होतं.

"बाबा, पानी सांडलं काय?" नूतन पिशव्या घेऊन आत येत म्हणाली. मग तिची नजर पानांवर गेली. "अगं वहिनी, किती मस्त झालं हे!"

ती वही मस्कतला गेली. तिथं टीव्हीच्या खाली असते. मी नूतनला दोन-चार वेळा सहज म्हणून विचारलं, फोटो कसे आहेत. छान आहेत, म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

मामाजी त्या दिवसानंतर बदलले. रात्री गाढ झोपायला लागले. रिंकूला आवळटोल्याच्या गोष्टी सांगायला लागले, चिंचेची, बैलांची, रुख्मा आत्याआजीची. रिंकू डोळे मोठे करून ऐकायची. देवेंद्र मला म्हणाले, "बाबांले झालं तरी काय? किती बोलून राहिले." मी म्हटलं, "बरं आहे नं, बोलू द्या."

मे महिना आला. या वर्षी ऊन फार होतं, आणि शेतीसाठी पाणीही बरंच सोडलं होतं. धरण कधी नव्हे इतकं खाली गेलंय, जुन्या गावाच्या भिंती दिसून राहिल्या, असं बाजारात बोललं जात होतं. मामाजी एका रविवारी सकाळी धोतर-दुपट्टा घालून तयार होऊन बसले.

"मले घेऊन चला," एवढंच म्हणाले.

देवेंद्रनी गाडी खडकापर्यंत नेली. पुढं जाईना, म्हणून ते तिथंच थांबले. मी, मामाजी आणि रिंकू खाली उतरलो. गाळ वाळून त्याला मोठमोठ्या भेगा पडल्या होत्या. पाय ठेवला की पापुद्रे मोडत. गावाचं असं काही उरलं नव्हतं. गुडघाभर उंचीच्या मातीच्या भिंती, त्यांवर शिंपले. चिंचेचं काळं खोड. मामाजी न थांबता, न विचारता गावाच्या शेवटी चालत गेले आणि एका जागी उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या.

समोर भिंतीचा एक तुकडा होता, आणि त्याच्या पुढं अंगण होतं.

ते सारवलेलं होतं.

शेणाचा ओला, हिरवट, ताजा वास येत होता. बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून उमटले होते, हात लहान असावा. चारी बाजूंना करपलेला, भेगाळलेला गाळ, जिथंवर नजर जाईल तिथंवर, आणि मधोमध हे अंगण. त्या गाळावर आमची तिघांची पावलं उमटली होती. चौथं पाऊल कुठंच नव्हतं, येतानाचंही नाही आणि जातानाचंही नाही.

मामाजींचे ओठ हलत होते. मी खाली वाकून बघत होते, आणि मला एक गोष्ट दिसली.

सारवताना एखादं पोर मधेच फतकल मारून बसलं आणि उठायला तयार नसलं, की आम्ही बाया त्याच्याशी भांडत बसत नाही. त्याच्या भोवतीनं हात फिरवतो आणि पुढं सरकतो. ते उठून गेलं की तेवढीच जागा कोरडी राहते. या अंगणातही भिंतीजवळ तशी एक जागा कोरडी होती. पण लेकराच्या मापाची नव्हती. मोठा माणूस मांडी घालून बसेल एवढी होती.

मामाजी काठाकाठानं गेले आणि त्या जागेवर मांडी घालून बसले. जागा त्यांना नेमकी पुरली. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. इतका निवांत माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मी पदर डोक्यावर घेतला.

"आई, इथं पन कोरडं आहे," रिंकू म्हणाली.

माझं बोट सोडून ती कधी पुढं गेली होती ते मला कळलं नव्हतं. मामाजींच्या शेजारी, त्यांच्या मांडीला लागून आणखी एक कोरडी जागा होती. लहानशी. रिंकू फ्रॉक सावरून तिथं बसायला वाकत होती.

मामाजींनी डोळे उघडले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, घाईनं त्या जागेवर अंथरला आणि त्यावर आपला तळवा ठेवून घट्ट दाबून धरला.

"संध्या," ते हळूच म्हणाले. "पोट्टीले गाडीत नेऊन बसव."